पंचेचाळीस नंबरची ओळ

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

ही वही दुरुस्तीच्या नोंदींसाठी. हॉस्पिटलात ईसीजीचं मशीन उघडलं की लॉगबुकात लिहायची तीस वर्षांची सवय, तीच इथे. कुठला पार्ट बदलला, कधी बदलला, एवढंच. मनातलं वगैरे लिहायचं नाही असं ठरवून सुरुवात करतोय.

मशीन: घरगुती कॉम्प्युटर, चाळीस वर्षांपूर्वीचा. काळा, रबरी बटणांचा, वहीएवढा. टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचा. पूर्वीचा मालक: जयवंत, शिवाजी पार्क. स्थिती: बंद.

कसा आला तेही लिहून टाकतो. जयवंतची आई मार्चमध्ये गेली. इमारत पाडणार आहेत, म्हणून त्याची धाकटी बहीण सुचित्रा घर रिकामं करते आहे. तिने आमच्या आईला फोन केला, मीराबाई, पातेली-डबे हवे असतील तर घेऊन जा. आईने त्या घरात सोळा वर्षं धुणीभांडी केली. तिचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत, म्हणून मी गेलो, पातेली नकोत हे सांगायला. तर माळ्यावरून काढलेल्या खोक्यात हे. सोबत कॅसेट प्लेअर आणि एकच कॅसेट.

"राजू, घेऊन जा ना," सुचित्रा म्हणाली. "दादाला काय उपयोग आता." मी चौपन्न वर्षांचा आहे, ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्या घरात मी अजून राजूच. मी दोन हजार रुपये टेबलावर ठेवले. ती म्हणाली, अरे पैसे कसले. मी म्हटलं, विकत घेतोय. दहावीपर्यंत जयवंतच्या जुन्या पँटी घातल्या आहेत मी. त्या घरातून आणखी काही फुकट आणायचं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. उतरू दे.

९ नोव्हेंबर, रविवार

मशीन उघडलं. पाच कपॅसिटर बाद, बदलले. किबोर्डखालची प्लास्टिकची पट्टी पापडासारखी तुटली. ती आता कुठेतरी युरोपात बनवतात, ऑनलाइन मागवली. कॅसेट प्लेअरचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. ते डांबर स्पिरिटने काढताना डायनिंग टेबल काळं झालं.

माया म्हणाली, "अहो, ह्या डबड्याचं शेवटी करणार काय?" मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिला पाठ आहे. मध्येच उठून ती कुकर लावायला गेली, म्हणून उरलेलं इथे लिहितो.

१९८६. आम्ही नववीत, दादरच्या एकाच शाळेत, एकाच वर्गात. जयवंतच्या मामाने लंडनहून हे मशीन आणलं. आई भांडी घासायची तोवर मी जयवंतच्या खोलीत दाराजवळ बसायचो. हात लावू नकोस असं कुणी म्हणालं नव्हतं, पण काकू, जयवंतची आई, दर पाच मिनिटांनी काहीतरी न्यायला खोलीत यायच्या. जयवंतने मॅन्युअलच्या पहिल्या साठ पानांची झेरॉक्स दिली. मी नायगावच्या चाळीत पुठ्ठ्यावर किबोर्ड काढला आणि त्याच्यावर बोटं चालवायला शिकलो. प्रोग्रॅम चौकटीच्या वहीत लिहायचा, तो नेऊन जयवंतला द्यायचा, तो टाइप करणार. शाळांच्या स्पर्धेसाठी मी अशोकचक्र लिहिलं. पडद्यावर चोवीस आरे एकेक करून उमटतात. बाबासाहेबांची जयंती होते त्या चाळीतल्या पोराने आणखी काय काढायचं. सव्वीस जानेवारीला कप मिळाला तो जयवंतला. पेपरात फोटो जयवंतचा. त्यानंतर मी त्या घराची पायरी चढलो नाही. बारावीनंतर तो अमेरिकेला गेला, मी आयटीआयला.

ज्याचं जळतं त्याला कळतं. कुकरची शिटी कुणालाही ऐकू येते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हितेंद्रचा फोन. वर्गातला, आता माजी विद्यार्थी संघाचा सेक्रेटरी. २५ जानेवारीला शाळेच्या हॉलमध्ये मेळावा आहे आणि प्रमुख पाहुणा, घ्या, जयवंत. विषय: 'माझा पहिला प्रोग्रॅम'.

मी हितेंद्रला सांगितलं की त्याचं ते पहिलं मशीन माझ्याकडे आहे, त्याच्या भाषणानंतर मी ते स्टेजवर चालवून दाखवतो. हितेंद्र खूश. "अरे, काय सरप्राईज होईल यार त्याला." होईल खरं.

कॅसेटवर तो प्रोग्रॅम असणार. वहीत मी पहिल्याच ओळीत माझं पूर्ण नाव घातलं होतं, कारण मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याने आपलं नाव टाकावं. मोठ्या पडद्यावर ती ओळ आली की मी एक शब्दही बोलणार नाही. लोकांना वाचता येतं.

कॅसेटवर जयवंतच्या अक्षरात लिहिलंय, 'राजूचं चक्र'. म्हणजे कबुली झालीच. पण चिठ्ठीवरची कबुली वेगळी आणि पडद्यावरची वेगळी. कॅसेटच्या मागच्या खाचेवरचा प्लास्टिकचा तुकडाही तोडलेला आहे, चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून. आपल्या वस्तूंची काळजी त्या घरात फार.

२२ नोव्हेंबर

प्लेअरला लॅमिंग्टन रोडवरून नवा पट्टा आणला. दुकानदार विचारतो, "अंकल, म्युझियम है क्या?" टीव्हीसाठी सरळ व्हिडिओची वायर बाहेर काढली. पडदा लागला. पांढरा, स्वच्छ, खाली एक ओळ.

६ डिसेंबर, शनिवार

दरवर्षी आज युनियनच्या स्टॉलवर पाणी वाटायला जातो. यंदा गेलो नाही. किबोर्डची पट्टी काल आली होती. आई नातीबरोबर, वैशालीबरोबर, चैत्यभूमीला गेली. निघताना माझी पांढरी पँट आणि सदरा इस्त्री करून पलंगावर ठेवून गेली.

कॅसेट सोळा वेळा लावली. प्रत्येक वेळी मध्येच एरर. मग प्लेअरच्या हेडचा बारीक स्क्रू कानाने आवाज ऐकत फिरवत गेलो, ईसीजीचा पेन जुळवतो तसा. पावणेचारला पडद्याच्या कडांवर निळेपिवळे पट्टे धावले आणि थांबले. चालवलं. चोवीस आरे आले. एकेक.

आयुष्यात पहिल्यांदा त्या किबोर्डवर माझी बोटं चालली, आणि ते माझंच चक्र होतं. रडलो, लिहायला काय लाजायचं.

मग ओळी वाचल्या. पहिली ओळ: 'चक्र. राजू.'

राजरत्न नाही. वडिलांचं बुधाजी नाही, आडनाव नाही. मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, त्याने राजू टाइप केलं. भांडीवालीच्या पोराला हाक मारायला जेवढं पुरतं तेवढं. हा राजू कोण, हे हॉलमध्ये कुणाला कळणार आहे?

संध्याकाळी आई परत आली. मी म्हटलं, चक्र लागलं. ती म्हणाली, "बरं झालं. पाय धुवून अगरबत्ती तरी लाव आता बाबासाहेबांना."

७ डिसेंबर, रविवार

आणखी एक गोष्ट निघाली. लिहू की नको करत होतो, पण लॉगबुकात बिघाड लपवायचा नसतो.

आम्ही ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर द्यायचो. मागाहून काही घालायचं झालं तर मध्ये जागा असावी म्हणून. माझ्या सगळ्या ओळी दहाच्या पाढ्यात आहेत. प्रोग्रॅममध्ये एकच ओळ तशी नाही. पंचेचाळीस. ती माझी नाही.

ती फक्त कोनाला एका आकड्याने गुणते आणि एकाने भागते. मी कोन अंशांत लिहिले होते, पंधरा, तीस, पंचेचाळीस, शाळेत शिकवतात तसे. मशीनला अंश कळत नाहीत, त्याला रेडियन, कोन मोजायचं दुसरं माप, लागतं. रेडियन आम्हाला अकरावीत आलं. मशीन समोर असतं तर पहिल्याच दिवशी समजलं असतं. पुठ्ठा कुठे सांगतो चुकलं म्हणून? आणि मॅन्युअलमध्ये ते असणार एकसष्टाव्या पानाच्या पुढे.

पंचेचाळीस काढून चालवून बघितलं. आरे चोवीसच आले, पण काही एकमेकांना चिकटलेले, काही लांब लांब. ठोकर खाल्लेल्या सायकलचं चाक. म्हणजे माझं चक्र असं दिसत होतं.

एकूण एकतीस ओळी. तीस माझ्या. तीसला काही किंमत आहे की नाही?

१४ डिसेंबर

आईच्या पायांना तेल लावत होतो. तिला विचारलं, त्या वेळी कपाचं काय झालं, तुला आठवतंय? ती म्हणाली, "आलेला ना तो कप घेऊन चाळीत. जयवंत. एकटाच आलेला, बसने. तू मोरीत जाऊन बसलास. म्हणालास, घरी नाही म्हणून सांग."

मी म्हटलं, असं काही झालेलं नाही.

"मी सांगितलं घरी नाही. तो बसला अर्धा तास. चहा पण प्यायला आपल्याकडचा. मग गेला."

आईला हल्ली काहीही आठवतं. परवा म्हणत होती की गिरणीचा भोंगा ऐकू आला. डॉक्टरांना एकदा दाखवायला हवं. मोरीत बसलो असतो तर मला नसतं आठवलं?

२१ डिसेंबर

माया म्हणते, स्टेजवर जायचंच तर त्याला आधी फोन करा, नंबर हितेंद्रकडे आहे. मी म्हटलं, फोनवर गोड बोलून तो मोकळा होईल. त्याचं नरडं चार माणसांत आवळायचंय मला. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून गॅलरीत गेलो.

वैशाली म्हणाली, "पप्पा, मला दाखवा ना कसं चालतं." मी म्हटलं, पंचवीस तारखेला बघ. तिने मोबाईल काढला. ही पोरगी दिवसभर ऑफिसात कोडच लिहिते, मला वाटलं तिला ह्यात काय कळणार.

२८ डिसेंबर, रविवार

केलं.

दहा नंबरची ओळ नव्याने लिहिली. त्यात माझं पूर्ण नाव, वडिलांसकट. गुणाकार-भागाकार चाळीसच्या ओळीतच घातला आणि पंचेचाळीस काढून टाकली. आता सगळ्या ओळी दहाच्या. चालवून पाहिलं, चक्र तेच येतं.

आधी दुसऱ्या कॅसेटवर उतरवणार होतो. चोरबाजारातून चार आणल्या होत्या, चारही कुजलेल्या. आणि खरं सांगायचं तर मला हीच कॅसेट हवी होती. हिच्यावर त्याचं अक्षर आहे. नव्या कॅसेटवर कोण विश्वास ठेवतो. मागच्या उघड्या खाचेवर सेलोटेप लावली, म्हणजे प्लेअर रेकॉर्ड करू देतो, आणि जुन्यावरच उतरवलं. बावीस सेकंद लागली.

ही काही खोटी गोष्ट नाही. नाव माझंच आहे, मी लिहूनही दिलं होतं. त्याने खोडलेलं मी परत लिहिलं, इतकंच. रेडियन तर मला दोन वर्षांनी येतच होतं.

पार्ट बदलला: एक. जुना पार्ट: टाकून दिला.

११ जानेवारी २०२६

मशीन रोज तासभर चालवतो. एकदाही अडकत नाही. काय बोलायचं ते ठरत नव्हतं, ते ठरलं: काहीच नाही. ओळी दाखवायच्या आणि बाजूला व्हायचं.

२५ जानेवारी, रविवार

लिहवत नाही, पण दुसरं काय करू.

हॉल भरलेला. मी, माया, वैशाली तिसऱ्या रांगेत. मशीनची बॅग माझ्या पायांजवळ. जयवंत स्टेजवर. टक्कल पडलंय, हाताला बारीक कंप आहे. तो पाणी प्यायला तेव्हा माझ्यातल्या टेक्निशियनला तो कंपच आधी दिसला.

बोलायला उभा राहिला. म्हणाला, "विषय 'माझा पहिला प्रोग्रॅम' असा आहे. पण तो माझा नव्हता." हॉल हसला. "हसू नका. ह्याच शाळेला त्यावर कप मिळाला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मीराबाईंचा मुलगा, राजू, त्याने तो लिहिला होता. पुठ्ठ्यावर किबोर्ड काढून. मशीनला हात न लावता. आमच्या घरात त्याला हात लावू देत नव्हते, हे मी आज इथे सांगतो, कारण सांगायला मला चाळीस वर्षं लागली. मी फक्त एक ओळ घातली. पंचेचाळीस नंबरची. त्याला रेडियन माहीत नव्हतं, कारण मी त्याला अर्धंच पुस्तक दिलं होतं. अर्धंच द्यायचं हे माझं ठरलेलं होतं. पुढचं फक्त मला यावं म्हणून."

मग टाळ्या, उभं राहून. केवढा मोठा माणूस, असं माझ्या मागची बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली.

जे मी दादरमध्ये कधी कुणाला सांगितलं नाही, हॉस्पिटलात तीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही, ते त्याने माइकवर सांगितलं, कौतुकाने. आईचं नाव घेऊन, तिचं काम सांगून. आणि माझं काही घ्यायचं ठेवलं नाही. मी उघडी पाडणार होतो ती चोरी त्याने स्वतःच सांगितली, आणि कबुलीच्या टाळ्याही त्यालाच.

हितेंद्र माइकवर आला. "आणि आता एक सरप्राईज. राजरत्न, ये रे वर, मशीन घेऊन."

मी उठलो. बॅग उचलली. वैशाली हळूच म्हणाली, "पप्पा, लाइन फॉर्टी-फाइव्ह दाखवा त्यांना." मी बॅग परत खाली ठेवली.

मी जागेवरूनच म्हणालो, "मशीन बंद पडलंय. सकाळी पडलं."

मायाने माझ्याकडे बघितलं नाही. सकाळी नाश्त्याच्या वेळी तिने ते चालताना पाहिलं होतं.

जयवंत स्टेजवरून खाली आला, लोकांना बाजूला करत. "राजू? अरे तूच." त्याने माझे दोन्ही हात धरले.

"राजरत्न," माया म्हणाली. "राजरत्न नाव आहे त्यांचं."

तो म्हणाला, "हो. तू लिहून दिलं होतंस ते. मी आळस केला." मग विचारलं, "कॅसेट आहे का रे? मी मागचा तुकडा तोडून ठेवला होता."

"पुसली गेली," मी म्हणालो. दिवसभरात मी बोललेलं हे एकच खरं वाक्य.

"जाऊ दे. माझी ओळ मला पाठ आहे, तुझ्या तुला असतील. बसून पुन्हा टाइप करू." तो हसला. "मंगळवारी जातोय मी. उद्या येतो तुझ्याकडे, मीराबाईंना भेटायला. पत्ता हितेंद्रकडून घेतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कुणी मागितला नव्हता हात.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी सोसायटीत झेंडावंदन. गेलो नाही.

मशीन लावलं. चक्र येतं. चोवीस आरे, एकही इकडचा तिकडे नाही. ओळी मोजल्या तर तीस. पंचेचाळीस पुन्हा लिहायला बसलो, पण तिला आता काही कामच उरलेलं नाही. तिचं काम मी चाळीसमध्ये घालून टाकलंय. चाळीस मोडल्याशिवाय ती परत बसत नाही, आणि बसवली तरी ती मी बसवलेली असेल. त्याने बसवलेली कुठून आणू?

आई बाहेरच्या खोलीत नवं पातळ नेसून बसलीय. तिला सगळं कळलंय, मायाने सांगितलं असणार. मी तिला म्हटलं, आई, तो आला तर घरी नाही म्हणून सांग.

ती म्हणाली, "एकदा सांगितलं तुझ्यासाठी. ह्या वेळेला तूच सांग."

म्हणजे झालं होतं तसं. मोरीत पत्र्याची बादली उपडी घालून बसलो होतो. बादलीच्या कडेला गंज होता. कपावर काय लिहिलंय, ते तो आईला वाचून दाखवत होता.

बेल वाजली. वैशालीने दार उघडलं. मी आतल्या खोलीत हे लिहितोय, टीव्हीवर चक्र तसंच आहे. बाहेर तो विचारतोय, "राजरत्न आहे का घरी?" पूर्ण नाव, नीट उच्चारून.

आणि आई सांगतेय, "आहे. आत लपून बसलाय."